मदत हवी आहे: मुलीच्या इमर्जन्सी अ‍ॅडमिशनचा आरोग्य विम्याचा क्लेम कापून आलाय

मागच्या महिन्यात रात्री दीड वाजता लेकीला (वय ३) तापात झटका आला. डोळे वर गेलेले, दातखीळ बसलेली. नवऱ्याने चपलाही न घालता गाडी काढली. जवळच्या हॉस्पिटलात जनरल वॉर्ड फुल, सिंगल रूमच शिल्लक, ४,५०० रुपये रोज. तेव्हा कोण पॉलिसी वाचत बसतंय!

आमची फ्लोटर पॉलिसी (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच विमा) ३ लाखांची, रूम रेंटची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे रोज ३,००० रुपये. हॉस्पिटल विमा कंपनीच्या नेटवर्कमध्ये (करार असलेल्या यादीत) नव्हतं, म्हणून बिल आधी आम्ही भरून रिइम्बर्समेंट (पैसे परत मिळण्याचा क्लेम) टाकलं. तर कंपनीने रूमचा फरकच नव्हे, अख्ख्या बिलातून एक तृतीयांश कापला, कारण ४,५०० च्या रूमपैकी ३,००० म्हणजे दोन तृतीयांशच मर्यादेत बसतात, त्याच प्रमाणात. औषधं, रक्ताच्या तपासण्या, ईईजी (मेंदूची तपासणी), सगळ्यातून!

माझ्या वाचनात आलंय की आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) २०२० च्या नियमांनुसार अशी प्रमाणात कपात औषधं आणि तपासण्यांवर लावता येत नाही. कुणी यावर भांडून पैसे परत मिळवलेत का? कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल केलाय. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे (विम्याच्या तक्रारी ऐकणारे अधिकारी) जाणार आहे. तिथे वकील लागत नाही म्हणे. अर्जासोबत काय काय जोडलंत? इनडोअर केस पेपर (अ‍ॅडमिट असतानाच्या उपचारांच्या नोंदी) हॉस्पिटल देत नाहीये, ते कसे मिळवायचे?

लेक आता ठणठणीत आहे.