शॅनन-वीव्हरच्या आकृतीत फीडबॅकचा बाण काढायचा की नाही?

शेवटचा_बाक

प्रथम वर्षाला ‘संज्ञापनाची ओळख’ हा पेपर आहे. शॅनन-वीव्हर मॉडेलवर १० गुणांचा प्रश्न हमखास येतो. दोन गाइडांत दोन आकृत्या आहेत. एकीत खालून परत येणारा फीडबॅकचा, म्हणजे ऐकणाऱ्याच्या प्रतिसादाचा बाण आहे, दुसरीत नाही. बरोबर कुठली?

दुसरं, नॉइजमध्ये काय काय धरायचं? पंखा करकरतो ते नॉइज हे कळलं, पण शिकवणाऱ्याचा शब्दच समजला नाही तर तेही नॉइज का? रिडंडन्सी तर नोट्समध्ये ‘अनावश्यक पुनरुक्ती’ एवढ्यावर उरकलीय. आणि ते ७-३८-५५ टक्के (शब्द, सूर, चेहरा यांचा वाटा) कुठे बसवायचे?

तारयंत्र

बाण नसलेली आकृती बरोबर. गणितज्ञ-अभियंता क्लॉड शॅननचा लेख १९४८ चा, बेल कंपनीच्या तांत्रिक नियतकालिकात जुलै आणि ऑक्टोबर अशा दोन भागांत आलेला. त्याच्यापुढचा प्रश्न टेलिफोन आणि तारेचा होता: एका टोकाला निवडलेला संदेश दुसऱ्या टोकाला जसाच्या तसा कसा उभा करायचा. समोरच्याला तो पटला का, राग आला का, याच्याशी त्या गणिताला देणंघेणं नाही. गणितज्ञ वॉरन वीव्हरचं विवेचन जोडून १९४९ मध्ये पुस्तक निघालं, म्हणून दोघांचं नाव.

संज्ञापनात फीडबॅक ही कल्पना आली ती नॉर्बर्ट वीनरच्या सायबरनेटिक्समधून, म्हणजे यंत्रं आणि सजीव यांच्यातल्या नियंत्रणाच्या शास्त्रातून. तेही साल १९४८ च, त्यामुळे घोळ होतो. माणसांच्या बोलण्याला ती लावून बाण जोडले ते नंतरच्या अभ्यासकांनी. गाइडवाल्यांनी सगळं एकाच चित्रात कोंबलं.

उत्तरात बाण काढू नका. ‘या मॉडेलची मर्यादा: फीडबॅक नाही’ असं एक वाक्य मात्र लिहा. आकृतीत बाण काढून खाली हीच मर्यादा लिहिणारे पेपर दरवर्षी असतात, आणि तिथे तपासणाऱ्याला काही करता येत नाही.

खडूफळा

आकृतीबद्दल थोडं. एका ओळीत चार चौकोन: माहितीचा उगम, प्रेषक यंत्र, ग्राहक यंत्र, गंतव्य. प्रेषक आणि ग्राहक यांच्या मध्ये एक लहानसा चौकोन, तो चॅनेल, म्हणजे संकेताची वाट. त्याच्या खाली नॉइजचा उगम, आणि त्याचा बाण वर फक्त त्या लहान चौकोनात. बाणांवर नावं डावीकडून अशी: संदेश, संकेत, मिळालेला संकेत, संदेश. ‘संकेत’ आणि ‘मिळालेला संकेत’ वेगळे लिहायचे, कारण मधे नॉइज मिसळलाय. सगळ्या आकृतीचा मुद्दाच तो आहे.

सर्वाधिक चुकतं ते ‘ग्राहक’ या शब्दापाशी. मराठीत ग्राहक म्हटलं की माणूस डोळ्यापुढे येतो, मग मुलं ‘ग्राहक म्हणजे श्रोता’ लिहितात आणि गंतव्याला काही उरतच नाही. समोरासमोरच्या बोलण्यात उगम म्हणजे बोलणाऱ्याचा मेंदू, प्रेषक म्हणजे त्याचा आवाजाचा अवयव, चॅनेल हवा, ग्राहक कान, गंतव्य ऐकणाऱ्याचा मेंदू. ही वाटणी वीव्हरनेच केलेली आहे, बिनधास्त वापरा.

नॉइज: शॅननकडे फक्त वाटेतला. पंखा, खरखर, झेरॉक्सवरचा काळा पट्टा. शब्द न कळणं हा अर्थाच्या पातळीवरचा अडथळा. वीव्हरने तीन पातळ्या सांगितल्या: संकेत अचूक पोचला का, अर्थ पोचला का, अपेक्षित परिणाम झाला का. दुसऱ्या पातळीसाठी ‘अर्थाचा नॉइज’ असा आणखी एक चौकोन घालता येईल हे त्यानेच सुचवलं. म्हणजे तुमच्या प्रश्नाला ‘हो, पण वीव्हरच्या खात्यात’ असं उत्तर. भूक, झोप, पूर्वग्रह वगैरे प्रकार नंतरच्या पाठ्यपुस्तकांनी वाढवलेत. ते लिहा, शॅननच्या नावावर खपवू नका.

जलद_लोकल

रिडंडन्सीला ‘अनावश्यक’ म्हणणं हा त्या बिचारीवर अन्याय आहे. नॉइजवरचा इलाज तोच.

मुंबईच्या लोकलचा फलाट घ्या. एकच घोषणा मराठी, हिंदी, इंग्रजी अशी तीनदा, वर इंडिकेटरवर तेच अक्षरांत. पलीकडून धडधडत गाडी गेली आणि मराठी घोषणा बुडाली तरी हिंदी सापडते. दोन्ही बुडाल्या तर डोळे आहेत. कानाला हवेतून आणि डोळ्याला प्रकाशातून, ही दोन वेगळी चॅनेल, म्हणून एकच नॉइज सहसा दोन्ही एकदम मारत नाही. आता ‘जलद’ हा शब्द स्वच्छ ऐकू आला, पण ती गाडी आपल्या स्टेशनवर थांबत नाही हे नव्या माणसाला माहीतच नाही. हा अर्थाचा नॉइज. तीच घोषणा दहादा करून तो जात नाही, थांब्यांची यादी सांगावी लागते. एका उदाहरणात दोन्ही प्रकार आणि दोन्हींचे वेगळे उपाय.

भाषेतही रिडंडन्सी शिवलेली असते. ‘त्या दोन मोठ्या मुली आल्या.’ अनेकवचन पाचही शब्दांत आहे. कुठलाही एक शब्द खोकल्यात गेला तरी एक मुलगी की अनेक हे कळतं. शॅननने इंग्रजी मजकुरात ती सुमारे ५० टक्के धरली होती. उलट मोबाइल नंबरात जवळजवळ शून्य: एक अंक चुकला की फोन भलत्याच घरी. म्हणूनच आधारच्या १२ अंकांतला शेवटचा अंक मुद्दाम पडताळणीसाठी ठेवलाय.

तारयंत्र

@जलद_लोकल, मस्त. एक पुरवणी: शॅननची ‘माहिती’ म्हणजे अर्थ नव्हे, किती शक्यतांतून निवड झाली त्याचं माप. नाणेफेकीचा निकाल १ बिट (बिट हे त्या मापाचं एकक), आठ सारख्या शक्यतांतून एक म्हणजे ३ बिट. निकाल आधीच ठाऊक असेल तर शून्य, भले बातमी कितीही महत्त्वाची असो.

खडूफळा

७-३८-५५ शॅननच्या उत्तरात आणूच नका. ते मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियनचं, १९६७ च्या दोन प्रयोगांतून जुळवलेलं. त्यांत सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले, एकात चेहऱ्याचे फोटोही दाखवले, आणि बोलणाऱ्याला समोरची व्यक्ती आवडते की नाही एवढंच ओळखायला सांगितलं. शब्द, सूर आणि चेहरा एकमेकांशी जुळत नसताना भावना कशावरून ओळखतात, याचं ते उत्तर. ‘संज्ञापनात शब्दांचा वाटा ७ टक्केच’ हे त्यावरून निघत नाही. खुद्द मेहराबियननेही हे स्पष्ट केलंय. नाहीतर अनोळखी भाषेतलं व्याख्यान हातवारे बघून ९३ टक्के कळायला हवं.

शेवटचा_बाक

आभार. शेवटची शंका: निघताना आपण ‘येतो हं’ म्हणतो आणि अमराठी माणूस थांबून राहतो. हे उदाहरण शॅननमध्ये चालेल?

खडूफळा

चालेल, पण फक्त मर्यादा दाखवायला: संकेत १०० टक्के अचूक पोचला, तरी संज्ञापन फसलं. त्याची खरी जागा विल्बर श्रॅमच्या १९५४ च्या मॉडेलमध्ये. दोन एकमेकांत शिरलेली वर्तुळं काढा, ती दोघांची अनुभवक्षेत्रं. ‘येणे’ हे क्रियापद सामाईक भागात लिहा. ‘जातो म्हणणं अशुभ, म्हणून येतो म्हणायचं’ हे मराठी माणसाच्या वर्तुळात, सामाईक भागाच्या बाहेर. समोरचा ‘कुठे येताय?’ म्हणाला की तो फीडबॅक. इथे बाण काढा.