मदत हवी आहे : 1999 च्या तोंडी वाटणीचा फेरफार विनीता शर्मा निकालापुढे टिकेल का?

नमस्कार मंडळी. दिवाणी वकिली करणारे किंवा महसुलात नोकरी केलेले कोणी असाल तर कृपया सविस्तर लिहा. प्रश्न माझ्या आईचा आहे.

सोलापूर जिल्ह्यात आईच्या माहेरची वडिलोपार्जित जमीन आहे, तीन गटांत. आई आणि मावशी, दोघींची लग्नं 1994 च्या आधीची. आजी आधीच गेली होती, आजोबा 2002 मध्ये गेले. आता एका गटातून राष्ट्रीय महामार्ग जातोय. मोबदल्याची नोटीस आली आणि मामांनी आईला हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावलं. म्हणे वाटणी 1999 मध्येच झाली, बहिणींचा संबंध उरला नाही. संबंध नाही तर सही कशाला? आईला हे भावांना विचारवत नाही.

हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, त्यावरचे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल मी वाचले. फुलवती (2015) म्हणतो, दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, 9 सप्टेंबर 2005 ला, वडील हयात हवेत. दानम्मा (2018) मध्ये वडील 2001 ला वारले होते, तरी मुलींना वाटा मिळाला. हा घोळ तीन न्यायमूर्तींनी 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा प्रकरणात मिटवला: मुलीचा हक्क जन्माने, वडील हयात असण्याची अट नाही. राज्याच्या दुरुस्तीने 22 जून 1994 पूर्वी लग्न झालेल्या मुलींना वगळलं होतं, तेही आता आड येत नाही असं मी समजते.

अडतंय 20 डिसेंबर 2004 या तारखेपाशी. दुरुस्तीनुसार त्याआधीच्या वाटणीला धक्का लागत नाही, पण ती नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली हवी. तोंडी वाटणी अपवाद म्हणूनच मानली जाते, तीही सार्वजनिक दस्तऐवजांचा भक्कम आधार असेल तर.

जुना फेरफार (महसूल दप्तरातली हक्कबदलाची नोंद) काढून आणला. हाताने लिहिलंय, खातेदारांनी आपसात वाटप केले, वर्दीवरून (खातेदारांनी तलाठ्याला दिलेल्या माहितीवरून) नोंद. दोन गट दोन मामांना, तिसरा आजोबांकडे. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 85 खालच्या तहसीलदारांच्या वाटप-आदेशाचा उल्लेख नाही. 2002 च्या वारसनोंदीत तिसऱ्या गटावर मामा कब्जेदार, आई-मावशी सातबाऱ्याच्या 'इतर हक्कात'. महामार्ग याच तिसऱ्या गटातून जातोय. एवढ्या फेरफाराने 1999 ची वाटणी सिद्ध होते का?

प्रतिसाद

ताई, सही तूर्त अजिबात नको. दोन प्रश्न वेगळे करा. तिसरा गट वाटणीनंतर आजोबांकडेच होता असं मामाच म्हणतात ना? मग त्यांच्यामागे मुली वर्ग एकच्या, म्हणजे मुलग्यांच्या बरोबरीने पहिल्या हक्काच्या, वारस आहेतच, 2005 चा कायदा नसता तरी. मुलींची नावं इतर हक्कात टाकायची जुनी सवय, तिने वाटा कमी होत नाही. नुसत्या फेरफाराने मालकी येत नाही की जात नाही. भूसंपादनाच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे, बहुधा प्रांतसाहेबच असतील, लगेच लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. मोबदल्याच्या हिश्श्यांवर वाद असेल तर राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम 3एच(4) नुसार त्यांना तो दिवाणी न्यायालयाकडे पाठवावा लागतो. पैसे एकदा वाटले गेले की वसूल करताना नाकी नऊ येतात.

खरी लढाई उरलेल्या दोन गटांची. मामांचे वकील म्हणतील, 1999 मध्ये मुली सहदायाद (वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हिस्सेदार) नव्हत्याच, त्यांना विचारायचं कारण काय? तेव्हापासून पीकपाहणी वेगळी, सोसायटीचं कर्ज वेगळं असेल तर त्यांची बाजू मजबूत होते. हे उतारे आधी काढा. दाव्याची मुदत बारा वर्षं, वगळल्याचं कळल्यापासून मोजतात. तेव्हा आईंना त्या फेरफाराची माहिती कधी झाली हे नीट आठवून ठेवा. आपल्या राज्यात महिलांना काही दाव्यांत कोर्ट फी माफ आहे, ती सवलत तुमच्या दाव्याला लागते का हे वकिलांना विचारा.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. हरकत सोमवारीच देतो. एक राहिलंच: मावशीने 2010 मध्ये मामांना हक्क सोडल्याचा कागद नोटरीसमोर करून दिलाय, नोंदणी झालेली नाही. तो ग्राह्य धरतात का? आणि हरकतीच्या अर्जावर मावशीची सही घ्यावी, की तिने वेगळा अर्ज द्यावा?