'मनाझिर' आणि आपली नजर

प्रश्न : अरब शास्त्रज्ञ इब्न अल-हैथमच्या 'किताब अल-मनाझिर'चं मराठीत 'प्रकाशशास्त्राचा ग्रंथ' असं भाषांतर वाचलं. 'मनाझिर' म्हणजे प्रकाश का? आणि आपल्या 'नजर'शी त्याचं काही नातं?

उत्तर : नातं सख्खं आहे. न-झ-र हा अरबी धातू, अर्थ पाहणे. मंझर म्हणजे देखावा, त्याचं अनेकवचन मनाझिर. दिवाणी न्यायालयातला नाझर याच घरातला. अर्जावरचा 'मंजूर' हा शेराही; मुळात अर्थ 'पाहिलेलं'. (साहेबांनी खरंच पाहिलेलं असतं का, हा वेगळा धागा.)

– मग नजराणाही यातलाच?

नाही. तो 'नज़्र' म्हणजे नवस, भेट यावरून. अरबीत अक्षर वेगळं आहे. मराठीत येताना दोन्ही उच्चार एक झाले, म्हणून फसगत होते.

मूळ प्रश्नाबद्दल : 'प्रकाशशास्त्र' मला खटकतं. ग्रीक 'ऑप्टिका'सुद्धा पाहण्याबद्दलच होतं, आणि लॅटिन अनुवादकांनी या ग्रंथाला 'दे आस्पेक्तिबस' म्हटलं, त्यातही पाहणंच. युक्लिड आणि टॉलेमी हे प्राचीन ग्रीक विद्वान मानत की डोळ्यातून किरण निघून वस्तूला भिडतात. बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत राहिलेल्या इब्न अल-हैथमने (सुमारे ९६५ ते १०४०) उलट मांडलं : प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो. त्याचा एक पुरावा साधा आहे. सूर्याकडे पाहिलं की डोळे दिपतात, दुखतात. डोळ्यातून काही बाहेर जात असतं, तर बाहेरच्या उजेडाने डोळ्याला इजा का व्हावी? म्हणून 'दृक्शास्त्र' म्हणा. प्रकाश त्यात येतोच.

– गंमत म्हणजे मराठीत दोन्ही मतं नांदतात. नजर टाकणे, नजर फेकणे, नजर रोखणे हे युक्लिडचं. दृष्टीस पडणे, डोळ्यात भरणे, डोळ्यात खुपणे हे इब्न अल-हैथमचं.

छान! 'डोळे दिपणे' तर त्याचा पुरावाच.

– युरोपात हे पोचलं कसं?

लॅटिन हस्तलिखितांतून. लेखकाचं स्वतःचं नाव अल-हसन; लॅटिनमध्ये त्याचं पुढे 'अल्हाझेन' झालं. रॉजर बेकन आणि विटेलो हे तेराव्या शतकातले युरोपीय विद्वान याच ग्रंथावर उभे आहेत. १५७२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला जर्मन गणिती रिस्नरने अल्हाझेन आणि विटेलो एकाच जिल्दीत छापले. खगोलशास्त्रज्ञ केप्लरच्या १६०४ च्या ग्रंथाच्या नावातच 'विटेलोला पुरवणी' आहे. प्रतिमा डोळ्याच्या मागच्या पडद्यावर (रेटिनावर) उलटी पडते, हे त्या पुरवणीत आलं. पुरवणी मूळ उत्तरपत्रिकेपेक्षा जड झाली, एवढंच.

– आणि दृष्ट लागणे? आमच्याकडे अजून मीठमोहऱ्या ओवाळतात.

ते युक्लिडच्या खात्यावर टाका. इब्न अल-हैथम नामंजूर करील.