अकॉर्डचं २.४ इंजिन मागे बसवतोय, ट्रान्सअ‍ॅक्सल कोणता घ्यावा?

रंकाळा_गॅरेज:
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत मित्राच्या शेडमध्ये पाइपची चेसिस उभी केलीय. इंजिन ड्रायव्हरच्या पाठीशी, मागच्या चाकांच्या पुढे. अकॉर्डचं के२४ इंजिन गिअरबॉक्ससकट हाताशी आहे. गाडी फक्त ट्रॅकवर पळवायची, त्यामुळे पासिंगचा प्रश्न नाही. फोर्ड जीटी४०सारखं इंजिन लांबीत बसवून मागे ट्रान्सअ‍ॅक्सल (गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियल एकाच खोक्यात) लावायचं फार दिवसांपासून मनात आहे. पोर्शचा जी५० मागवू, ऑडीचा ०१ई, की सुबारूचा? अ‍ॅडॅप्टर प्लेट इथेच करून मिळेल.

भोसरी_फिटर:
पोर्श ९११मध्ये इंजिन मागच्या चाकांच्या मागे आणि गिअरबॉक्स पुढे असतो. तुमच्या गाडीत बरोबर उलटं. जी५० नुसता फिरवून लावलात तर पाच गिअर रिव्हर्सचे आणि पुढे जायला एकच! मग क्राउन व्हील (डिफरेन्शियलचं मोठं दातेरी चक्र) पिनियनच्या (त्याला फिरवणाऱ्या लहान गिअरच्या) दुसऱ्या बाजूला घ्या, नाहीतर अख्खा बॉक्स उपडा करून ऑइलिंगची वेगळी सोय करा. ऑडी, सुबारूत इंजिन पुढे आणि बॉक्स मागे, म्हणून दिशा जुळते. पण फोर व्हील ड्राइव्हचा बॉक्स असेल तर मधलं डिफरेन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारं) लॉक करावंच लागतं.

माझं स्पष्ट मत, हाताशी आहे तो गिअरबॉक्स सोडू नका. फियाट एक्स१/९ (१९७२) आणि टोयोटा एमआर२ (१९८४) याच वाटेने गेल्या: फ्रंट व्हील ड्राइव्हचं इंजिन-गिअरबॉक्स आडवंच मागे नेलं. जोडी फक्त मागे सरकवा, फिरवू नका. गिअर जसेच्या तसे राहतात. क्लच, फ्लायव्हील, एक्सल सगळं एकमेकांना जुळलेलं मिळतं. परदेशी बॉक्सची एक सिंक्रो रिंग (गिअर अलगद पाडणारी कडी) गेली तरी गाडी महिनोन्महिने शेडमध्येच.

मन लावून करायचं काम यानंतरच येतं. अकॉर्डचे पुढच्या चाकांचे नकल (ज्यावर चाक बसतं तो भाग) मागे वापरलेत तर टाय रॉडची (स्टिअरिंगच्या दांड्याची) जागा मोकळी राहते. तिथे दोन्ही टोकांना रॉड एंड (फिरते सांधे) असलेली पक्की लिंक चेसिसला बांधा. तिची लांबी आणि कोन खालच्या आर्मशी जुळला नाही, तर चाक वरखाली होताना टो (चाक आत-बाहेर वळल्याचा कोन) बदलतो आणि वेगात मागची बाजू सुटते.

सातारकर_७७:
सहमत. के सिरीजचा गिअर केबलवर चालतो, त्यामुळे लिव्हर पुढे आणणं सोपं. केबल लांब करून घ्या, वळण मोठं ठेवा. सम्पमध्ये (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्यात) बॅफल (तेल अडवणाऱ्या पट्ट्या) हवेतच, नाहीतर लांब वळणात तेल ओढणाऱ्या पिकअप नळीला तेल मिळत नाही.

रंकाळा_गॅरेज:
दादा, मनापासून आभार. आडवंच बसवतो. मागे स्टॉक ओपन डिफरेन्शियल चालेल का?

भोसरी_फिटर:
आधी त्यावरच चालवा. वळणातून बाहेर पडताना आतलं चाक जागीच फिरायला लागलं, तर त्याच बॉक्समध्ये एलएसडी (एकच चाक नुसतं फिरू न देणारं लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल) बसतो.