उत्तर: ख्रिस्ती मतं आणि पक्षनिष्ठा

भो, वर एकाने लिहिलंय की चर्चमधून सांगतात तिकडेच ख्रिस्ती लोक मत टाकतात. आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरकडे येऊन बघा एकदा. इथले बहुतेक ख्रिस्ती आदिवासी, म्हणजे आधी मावची, कोकणी, भिल्ल आणि मग बाकी सगळं. एकाच घरात एक भाऊ रविवारी प्रार्थनेला जातो आन् दुसरा होळीला नाचतो, मत मात्र वनजमिनीचा दावा, धरणाचं पाणी आणि उमेदवार कोणत्या भावकीतला यावर ठरतं.

माणिकराव गावित नंदुरबारमधून 9 वेळा खासदार झाले ते काय फक्त ख्रिस्ती मतांवर? जमेल का ते? पुढे 2014 आणि 2019 ला याच मतदारसंघाने भाजपच्या हिना गावितांना निवडून दिलं, 2024 ला परत काँग्रेसचे गोवाल पाडवी.

हां, एक गोष्ट मात्र खरी. डीलिस्टिंगची, म्हणजे धर्म बदललेल्या आदिवासींना अनुसूचित जमातीच्या यादीतून काढायची मागणी आली की आमच्याकडे लोक घाबरतात, कारण अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही, ख्रिस्ती झाला तरी दाखला राहतो. अनुसूचित जातीचं तसं नाही, तिथे 1950 च्या आदेशाने हिंदूच, नंतर 1956 ला शीख आन् 1990 ला बौद्ध आले, ख्रिस्ती अजून बाहेरच. मग दाखला जाईल म्हणून कुणी एखाद्या पक्षापासून लांब राहिला तर त्याला धर्माचं मत कसं म्हणायचं, पोराच्या नोकरीचं मत आहे ते.

आणि "कैसराचे ते कैसराला" हे बायबलमधलं वाक्य दोन्हीकडचे कार्यकर्ते आपापल्या सोयीने वापरतात, येशूला तेव्हा प्रश्न कराबद्दल विचारला होता, पक्षाबद्दल नाही 😀