शब्दचर्चा : होमस्टेड, सर्किट रायडर, रिडीम

प्रश्न : अमेरिकेतल्या नेब्रास्कात १८७० च्या दशकात घडणारी एक प्रेमकादंबरी मराठीत आणतेय. नायिका विधवा, जमीन गहाण पडलेली; नायक घोड्यावरून हिंडणारा मेथडिस्ट उपदेशक. वरच्या तीन शब्दांपाशी घोडं अडलंय. होमस्टेडला ‘वतन’ लिहिलं, तर संपादकांनी लाल रेघ मारली.

— रेघ बरोबर आहे. वतन चाकरीपोटी मिळतं आणि पिढीजात चालतं, पाटील-कुलकर्ण्यांसारखं. इथे १८६२ च्या कायद्यानं १६० एकर सरकारी जमीन जुजबी फी भरून मागता येई. पाच वर्षं तिथे राहून ती कसायची, घर बांधायचं, मग दोन साक्षीदार उभे केले की जमीन नावावर. ‘होमस्टेड’च ठेवा आणि एखाद्या पात्राच्या तोंडी ‘पाच वर्षं टिकलो की आपली’ असं घाला, तळटीप वाचेल. ‘कसेल त्याची जमीन’चा मोह होईल, पण ते वाचलं की मराठी माणूस थेट कुळकायद्यात पोचतो. ‘पडीक’ही नको. पॉनी आणि ओमाहा हे मूळनिवासी लोक तिथे आधीपासून होते, जमीन पडून नव्हती.

एक शंका. मालकीची सनद हाती येण्याआधीच्या कर्जापायी ही जमीन जप्त होत नसे, तसं कलमच होतं. तुमचा सावकार नेमका कधी दारात येतो, ते मुळात बघून घ्या.

— सनद मिळाल्यानंतरच येतो, बघितलं. ‘सनद’ शब्द उचलते. विधवेला स्वतःच्या नावानं अर्ज करता येई ना?

— येई. नवरा असलेल्या बाईला सहसा नाही. म्हणून अशा कथांत लग्नाचा प्रश्न निघाला की जमिनीचा निघतोच.

— मी नगरकडची, चर्चमध्ये वाढलेली. सर्किट रायडरला ‘पाद्री’ म्हणणं टाळा. वसईचे कॅथलिक ‘फादर’, ‘धर्मगुरू’ म्हणतात, आम्ही ‘पाळक’. पण पाळक एका मंडळीचा, म्हणजे एका चर्चच्या लोकांचा असतो. हा गडी खोगिराच्या पिशवीत बायबल घालून वस्त्यावस्त्यांवर जातो, याच्या फेरीत अनेक मंडळ्या. ‘फिरता उपदेशक’ म्हणा. त्याची ‘उपासना’ असते, कॅथलिकांसारखी ‘मिस्सा’ नव्हे. प्रार्थनेत ‘हे परमेश्वरा’, ‘हे प्रभू’ चालेल. ‘भगवंता’ आलं की वाचक पंढरपुरात.

रिडीम, म्हणजे गहाणातून किंवा पापातून सुटका करणं, यासाठी नवा शब्द घडवू नका. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत आलं, १८४२ मध्ये त्यांचं ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघालं. हे सगळे शब्द तेव्हापासून घासून गुळगुळीत झालेत. तारण, तारणारा, उद्धारक. ‘मोक्ष’ तर नकोच. जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटायचं नायिकेच्या मनातही नाही, तिला पापाची क्षमा हवीय.

— ‘तारण’ बँकेतलंही आहे की! सोनं तारण ठेवतात. गहाण जमिनीच्या गोष्टीत हा श्लेष आयताच मिळाला.

— आयता, पण उलटा. बँकेतलं तारण म्हणजे अडकवलेली वस्तू, चर्चमधलं तारण म्हणजे सुटका. इंग्रजी रिडीममध्ये दोन्हीकडे सुटकाच आहे. मी तर क्रियापद ‘सोडवणे’ घेईन. जमीन सोडवली, दागिना सोडवला, देवानं पापातून सोडवलं, सगळीकडे बसतं. बायबलमधल्या रूथच्या गोष्टीतही बवाज नात्यातल्या मयताची जमीन सोडवतो आणि त्या घरच्या विधवेशी लग्न करतो. तुमच्या कादंबरीचा सांगाडा बहुधा तोच असणार.

— तोच आहे. तिसऱ्या प्रकरणात रूथचंच प्रवचन आहे! ‘सोडवणे’ पक्कं, ‘तारण’ फक्त प्रार्थनेत आणि गीतांत. आता नवं त्रांगडं : इंग्रजीत सगळेच ‘यू’. हा उपदेशक देवाला ‘तू’ म्हणणार आणि तिला ‘तुम्ही’. तिला ‘तू’ कधीपासून?

— मिसेस सोडून पहिल्या नावानं हाक मारतो तिथे बदला. मागणी घालतानाच्या वाक्यात नको, फार उशीर होईल.