शब्दचर्चा : विभाजक, अवयव, मूळ अवयव, ३,६०,३६० चे नेमके किती?

प्रश्न
३,६०,३६० या संख्येबद्दल एका टिपणात ‘विभाजक ६’, दुसऱ्यात ‘मूळ अवयव ९’ आणि तिसऱ्यात ‘विभाजक १९२’ असं आहे. विभाजक आणि अवयव एकच ना? मग खरं कोणतं?

अंकगणिती
हो, एकच. फरक पडतो तो ‘मूळ’ या शब्दाने: १ आणि स्वतःखेरीज ज्याला दुसरा विभाजक नाही, तो मूळ अवयव. आधी अवयव पाडा: ३६० × १००१. आता ३६० = २×२×२×३×३×५. १००१ ला २, ३, ५ ने भाग जात नाही, म्हणून ती मूळ संख्या समजून पुष्कळजण इथेच थांबतात. पण १००१ = ७×१४३ आणि १४३ = ११×१३. म्हणजे

३,६०,३६० = २×२×२×३×३×५×७×११×१३

यात वेगवेगळे मूळ अवयव ६, पुन्हा आलेले धरून ९. एकूण विभाजक काढताना प्रत्येक मूळ अवयवाच्या घातांकात (तो किती वेळा आला त्या आकड्यात) १ मिळवून गुणायचं: ४×३×२×२×२×२ = १९२. यात १ आणि ती संख्या स्वतःही आली. १ मिळवायचा कारण २ एकदाही न घेणं हाही एक पर्याय असतो, तसंच ३, ५ वगैरेंचं.

पहिल्या टिपणातला ६ ‘वेगवेगळे मूळ’ हे शब्द गाळल्याने आलेला असू शकतो. किंवा १ न मिळवता ३×२×१×१×१×१ केलं तरी ६ च येतात! त्यामुळे ही चूक पटकन पकडता येत नाही.

मुद्रितशोधक
‘३,६०,३६० ने १३ ला भाग जातो’ असं उलटं वाक्य सर्रास छापलं जातं. हवं ते असं: ३,६०,३६० ला १३ ने निःशेष भाग जातो. १३ विभाजक, ३,६०,३६० विभाज्य.

प्रश्न
आणि ‘१ ते १५ चा लसावि (लघुतम सामाईक विभाज्य)’ हे या संख्येचं वर्णन?

अंकगणिती
अचूक आहे. १ ते १३ चा लसाविच ३,६०,३६० येतो. १४ (२×७) आणि १५ (३×५) साठी नवं काही लागत नाही. १६ ला मात्र चार वेळा २ हवेत, इथे तीनच आहेत, म्हणून बाकी ८ उरते. १६ धरायचा तर दुप्पट, ७,२०,७२०.

मुद्रितशोधक
एखाद्या टिपणात ‘ही पूर्ण संख्या नाही’ असंही असेल तर बदला. पूर्ण संख्या म्हणजे ०, १, २, ३… त्यात ही आहेच. लेखकाला ‘परिपूर्ण’ म्हणायचं असणार: ६ किंवा २८ सारखी, जिच्या स्वतःखेरीज इतर विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच भरते. इथे ती बेरीज १२,१२,१२० होते, म्हणजे तिपटीहून जास्त.